‘काल आलोय’ इंग्लिशमध्ये का चालत नाही? इंग्लिश परीक्षेच्या तयारीची प्रश्नोत्तरे

मागच्या वेळी आयईएल्टीएसच्या, म्हणजे परदेशी शिकायला-नोकरीला जाण्यासाठी द्यायच्या इंग्लिश परीक्षेच्या, तयारीबद्दल काही अडत असेल तर विचारा म्हटलं, तर एवढे प्रश्न आले की सगळे घ्यायचे म्हटले तर दिवाळी येईल. पाच निवडलेत. फी, व्हिसा आणि ‘सर कुठला क्लास लावू’ हे बाजूला ठेवलंय, त्यात मी पडत नाही.

प्रश्न: मी कागलचा, गोकुळ शिरगावला एमआयडीसीत इंजिनिअर आहे. ग्रामरचं पुस्तक दोनदा संपवलं, टेन्सचे नियम तोंडपाठ आहेत, तरी लिहायला बसलं की हॅव, हॅज, हॅड सगळ्याचा काला होतो. तिसऱ्यांदा पुस्तक करू का?

नको भावा. नियम पाठ असून चुकतंय म्हणजे अडचण नियमात नाही, वाक्य आधी मराठीत सुचतंय आणि मग ते उलटं करून कागदावर येतंय तिथं आहे. सगळ्यांचं तसंच होतं, त्यात लाजायचं काही नाही, फक्त आपली मराठी कुठं इंग्लिशबरोबर चालते आणि कुठं वाट सोडते हे बघायला पाहिजे.

आता हे बघ. आई विचारते जेवलास का, तू म्हणतोस ‘जेवलोय’. म्हणजे जेवण मघाशी झालं पण त्याचा संबंध आत्ताशी आहे, पोट भरलेलं आहे, आता वाढू नको. हाच प्रेझेंट परफेक्ट, ‘आय हॅव ईटन’. आणि ‘काल लग्नात जेवलो’ म्हणजे साधा पास्ट, ‘आय एट’. तसंच ‘किल्ली हरवलीय’ म्हणजे अजून सापडलेली नाही, ‘आय हॅव लॉस्ट माय की’. हे तुला कुणी शिकवलेलं नाही, तू दोन वर्षांचा असल्यापासून बोलतोयस.

मग गाडी घसरते कुठं? दोन जागी. पहिली म्हणजे आपण बिनधास्त म्हणतो ‘मी कालच आलोय पुण्यास्नं’. मराठीत ते बरोबर आहे, काल आलो आणि अजून इथंच आहे. पण इंग्लिशमध्ये काल, परवा, २०१९ साली असा संपलेला वेळ वाक्यात आला की हॅव बाहेर. ‘आय हॅव कम यस्टरडे’ चालत नाही, ‘आय केम यस्टरडे’च. दुसरी जागा ‘पासून’. आपण ‘२०१५ पासून’ पण म्हणतो आणि ‘दहा वर्षांपासून’ पण म्हणतो, शब्द एकच, म्हणून दोन्हीकडं ‘सिन्स’ ठोकतो. इंग्लिशला ‘सिन्स’ लागतो तो कधी सुरू झालं त्या क्षणाला, किती काळ चाललंय त्याला ‘फॉर’. त्यात भर म्हणजे ‘दहा वर्षं झाली मी इथं राहतोय’ यातलं ‘राहतोय’ वर्तमानकाळात आहे, मग पोरं लिहितात ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’, एका वाक्यात दोन चुका. पाहिजे ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टेन इयर्स’.

पुस्तक ठेव कपाटात. कोल्हापुरात सीबीएस एसटी स्टँडवर नाहीतर केएमटीच्या सिटी बसची वाट बघताना आजूबाजूला लोक काय बोलतायत ते ऐक, दहा वाक्यं मोबाईलवर टिपून घे आणि रात्री त्यांचं इंग्लिश कर. ‘गाडी गेली व्हय?’ ‘आत्ताच गेलीय.’ ‘अर्धा तास झाला उभा हाय.’ या तीन वाक्यांत तुझे हॅव, हॅज आणि बीन तिन्ही येऊन गेले बघ. पंधरा दिवस कर आणि मला कळव.

प्रश्न: सर, मी गडहिंग्लजची, स्टाफ नर्स आहे. यूकेला जायचंय. रीडिंगला दोन वेळा साडेसहाच आले, मला सात लागतात. ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हनमध्येच सगळे मार्क जातात. नाइट ड्युटी असते त्यामुळं रोज पूर्ण पेपर सोडवणं होत नाही.

ताई, आधी धीराची गोष्ट. यूकेच्या नर्सिंग कौन्सिलला रीडिंग, लिसनिंग आणि स्पीकिंगला सात लागतात, रायटिंगला साडेसहा (अर्ज भरायच्या आधी त्यांच्या साइटवर एकदा बघून घ्या, नियम बदलत असतात). ॲकॅडमिक प्रकारच्या परीक्षेत रीडिंगला ४० पैकी साधारण ३० बरोबर आले की सात बँड (या परीक्षेत गुणांना बँड म्हणतात). म्हणजे तुमचं घोडं दोन-तीन प्रश्नांसाठी अडलंय. इंग्लिश कमी पडत नाही, एका प्रकारचा प्रश्न फसवतोय.

आता उदाहरण आपल्यातलंच घेऊ. समजा उताऱ्यात एवढंच आहे: ‘राजारामपुरीतल्या एका मिसळीच्या गाड्यावर सकाळी सातपासून दहापर्यंत सतत गर्दी असते. बहुतेक गिऱ्हाइकं जादा कट मागतात.’ खाली तीन विधानं. सकाळी आठ वाजता गाड्यावर गर्दी असते. हे ट्रू. तिथं येणारं प्रत्येक गिऱ्हाईक जादा कट मागतं. हे फॉल्स, कारण उतारा ‘बहुतेक’ म्हणतोय. जादा कटाचे पैसे पडत नाहीत. आता आली का पंचाईत! कोल्हापूरचा माणूस छाती ठोकून ट्रू लिहिणार, कटाचे कसले पैसे ओ! पण उताऱ्यात पैशाचं अवाक्षर नाही, म्हणून नॉट गिव्हन.

तुमच्याबाबतीत नेमकं हेच होत असणार असा मला दाट संशय आहे. या परीक्षेत तब्येत, झोप, औषधं असले उतारे येतात आणि नर्स म्हटल्यावर तुम्हाला उताऱ्यापेक्षा जास्त माहिती असते. पेपरात ती माहिती वैरी. मी पोरांना सांगतो, फॉल्स लिहायचं असेल तर विधानाला खोटं पाडणाऱ्या ओळीवर बोट ठेवून दाखवा. बोट ठेवायला ओळच सापडत नसेल तर नॉट गिव्हन लिहून पुढं चला, तिथं पाच मिनिटं घालवू नका. सगळे, फक्त, कधीच, बहुतेक, काही असल्या शब्दांखाली रेघ मारायची सवय लावा, खोड तिथंच असते. आणि या प्रकारात उत्तरं उताऱ्यात साधारण क्रमानंच येतात, त्यामुळं चौथ्याचं उत्तर सापडलं आणि सहाव्याचं सापडलं तर पाचवं मधेच कुठंतरी बघायचं.

पूर्ण पेपर रोज सोडवूही नका. ड्युटीवरनं आलात की झोपा आधी. उठल्यावर एक उतारा, घड्याळ लावून २० मिनिटं, आणि मग त्याच उताऱ्यावर अर्धा-पाऊण तास बसायचं, चुकलेलं प्रत्येक उत्तर का चुकलं ते मराठीत एका ओळीत लिहायचं. ही वही दोन आठवड्यांनी वाचा, तीच तीच ओळ पुन्हा पुन्हा दिसेल. शिवाय नर्स-डॉक्टरांसाठी ओईटी म्हणून वेगळी परीक्षा आहे, यूकेत तीही चालते, त्यात मजकूर दवाखान्यातलाच असतो, एक नमुना पेपर सोडवून बघायला हरकत नाही.

माझीच एक फजिती सांगतो. मी पहिल्यांदा परीक्षा दिली ती कागदावरची, पहाटेच्या गाडीनं पुण्याला गेलेलो. लिसनिंगला शेवटी उत्तरं उतरवायला दहा मिनिटं दिली, मला वाटलं रीडिंगलाही देतील, म्हणून मी निवांत प्रश्नपत्रिकेवरच लिहीत बसलो. एक तास झाला आणि बाईंनी कागद ओढून घेतला. सहा उत्तरं प्रश्नपत्रिकेवरच राहिली. रीडिंगला ६० मिनिटं म्हणजे ६० मिनिटंच, उतरवायचा वेळ त्यातलाच. आणि मी त्या वेळी दुसऱ्यांना शिकवत होतो बरं का.

प्रश्न: इचलकरंजीहून विचारतोय. ॲपवरनं रोज २० शब्द पाठ करतो, चार महिने झाले. क्विझमध्ये सगळे येतात पण लिहिताना एकही आठवत नाही.

कारण तुम्ही शब्द एकटे पाठ केलेत. शब्दाला सोबत लागते. मराठीत पाऊस मुसळधार असतो आणि वारा सोसाट्याचा, ‘मुसळधार वारा’ म्हटलं तर पोरगंसुद्धा हसेल. इंग्लिशमध्येही तसंच, पाऊस ‘हेवी’, वारा ‘स्ट्राँग’. आपण चूकही करतो, अभ्यासही करतो, पण तिकडं ‘मेक अ मिस्टेक’ आणि ‘डू होमवर्क’. चर्चा आपण एखाद्या गोष्टी‘बद्दल’ करतो म्हणून ‘डिस्कस अबाउट’ लिहितो, तिथं अबाउट नकोच असतो.

रोज २० नको, पाच-सहा बस्स. आणि निवडून घ्या. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड बाईंनी २००० साली अभ्यासाच्या लिखाणात सारखी येणारी ५७० शब्दकुटुंबं (एक शब्द आणि त्याच्यापासून झालेले बाकीचे) काढून ठेवलीत, ॲकॅडमिक वर्ड लिस्ट म्हणून शोधा, फुकट मिळते. त्यातला ‘सिग्निफिकंट’ घ्या. कार्डाच्या एका बाजूला मराठी वाक्य, ‘दर बरेच वाढलेत’. मागं इंग्लिश, ‘अ सिग्निफिकंट इन्क्रीज इन प्राइसेस’, खाली भावकी, सिग्निफिकन्स, सिग्निफिकंटली, आणि त्याच्याजवळचा ‘कन्सिडरेबल’, कारण उताऱ्यात एक असतो आणि प्रश्नात दुसरा. मराठी बाजू बघून इंग्लिश तोंडानं म्हणायचं, उलटं नाही, उलटं करायला सोपं जातं आणि तिथंच फसगत होते.

कार्डं ठेवायला चपलेचं रिकामं खोकं घ्या, पुठ्ठा घालून तीन कप्पे करा. पहिल्यातली रोज, दुसऱ्यातली तीन दिवसांनी, तिसऱ्यातली आठवड्यानं. आलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. माझ्या एका विद्यार्थिनीचं खोकं अजून माझ्याकडं आहे, झाकणावर ‘आठ नंबर’ लिहिलंय, तो चपलेचा नंबर, बँड तिला साडेसात पडले.

प्रश्न: मुलगा बारावीला आहे. इंग्लिश सुधारावं म्हणून घरात फक्त इंग्लिशच बोलायचं ठरवलं, पण आता तो बोलायचाच बंद झालाय. काय करावं?

नियम आजच मोडा. पोरानं मराठीत बोललेलं बरं, न बोलण्यापेक्षा. फार तर रात्री जेवणानंतर दहा मिनिटं, त्यानं दिवसभरातलं काहीही इंग्लिशमध्ये सांगायचं, फुटबॉलची मॅच म्हणा, मास्तरांची नक्कल म्हणा, आणि तुम्ही मधे दुरुस्त करायचं नाही. हे सगळ्यात अवघड काम तुमचं आहे, त्याचं नाही. वाचायला करवीर नगर वाचन मंदिरात पाठवा, त्याला आवडेल ते घेऊ दे.

प्रश्न: स्पेलिंग ब्रिटिश लिहायचं की अमेरिकन?

आयईएल्टीएसला दोन्ही चालतात, फक्त एका पेपरात खिचडी नको. चुकीचं स्पेलिंग मात्र लिसनिंग-रीडिंगला सरळ मार्क खातं. आणि स्पेलिंगचा विषय निघालाच आहे तर फॉर्म भरताना नाव पासपोर्टवर आहे तस्संच टाका, आधारवर एक आणि पासपोर्टवर दुसरं असलेले तीन पाटील सध्या माझ्याच बॅचमध्ये आहेत.