फान डेर स्टूल यांच्यावर प्रबंध: पदांची यादी सोडा, एक प्रसंग धरा

तुमच्या संशोधन कक्षाने 'प्रत्येक पदाला एक प्रकरण' असा आराखडा मागितलाय आणि त्यात डच मुत्सद्दी मॅक्स फान डेर स्टूल कुठे सापडतच नाहीत, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचून हसावं की रडावं कळेना. मीही याच माणसावर काम केलंय. दोनदा परराष्ट्रमंत्री, संयुक्त राष्ट्रांत राजदूत वगैरे तुमच्याकडे असणारच, त्यात शिरत नाही.

माझं घोडं अडलं पत्रांपाशी. १९९३ ते २००१ ते युरोपातल्या राष्ट्रीय अल्पसंख्याकांसाठीचे उच्चायुक्त होते. त्या काळात सरकारांना लिहिलेली त्यांची पत्रं आणि मंत्र्यांची उत्तरं पुढे प्रसिद्ध झाली. आमचा कक्ष म्हणे, ही मूळ कागदपत्रं नव्हेत, शिक्का आणा. कुठल्या नियमाखाली, ते कोणी सांगेना. टेबलावरचे साहेब बदलले की शेराही बदलायचा! तेव्हा आक्षेप लेखीच मागा, तोंडी सांगण्यावरून एक पानही बदलू नका. (विद्यापीठागणिक नियम वेगळे, गाइडना विचारूनच काय ते करा.)

माझं मत विचाराल तर एस्टोनिया घ्या. १९९३च्या उन्हाळ्यात परकीयांविषयीच्या कायद्याने तिथले रशियन भाषक धास्तावले. नार्वा आणि सिल्लामाए या शहरांनी स्वायत्ततेसाठी सार्वमत जाहीर केलं. स्टूल यांनी सरकारकडून बळ न वापरण्याची हमी घेतली आणि शहरांकडून न्यायालयाचा निकाल पाळण्याचं कबूल करून घेतलं. सार्वमत जुलैत झालं, न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं आणि प्रकरण निवळलं. पदांच्या यादीत हे कुठे बसवणार?

त्यांना अल्पसंख्याकांचे कैवारी मात्र म्हणू नका. काम होतं संघर्ष पेटण्याआधी थोपवण्याचं. जिथे दहशतवादाचा संबंध, तिथे त्यांना हात घालायला मनाईच होती. म्हणूनच तुर्कस्तानातले कुर्द त्यांच्या पत्रांत शोधत बसू नका.

प्रागची भेट सगळेच घेतात: १ मार्च १९७७, हॉटेलात यान पाटोचका, म्हणजे चेक तत्त्वज्ञ आणि मानवी हक्कांच्या 'चार्टर ७७' चळवळीचे प्रवक्ते. त्यानंतर पोलिसांनी पाटोचकांची लांबलचक चौकशी केली आणि १३ मार्चला ते वारले. घ्या, पण तेवढ्यावर अख्खं प्रकरण उभारू नका.

आणि हो, ग्रीसच्या लष्करी राजवटीवरचा त्यांचा अहवाल कौन्सिल ऑफ युरोपच्या कागदांत बघा. तेव्हा ते मंत्री नव्हते, खासदार होते. हेगच्या परराष्ट्र खात्याकडे विचारणा करण्यात वेळ घालवू नका.