युद्धात आणि छळात माणसं आशा कशी टिकवून धरतात?

मला वाटतं, रोजच्या कामांनी. आमची आजी आता ठाण्यात, नौपाड्यात असते, पण माहेर कोल्हापूरजवळचं वळिवडे. सोव्हिएत राजवटीने घरादारातून उचलून हद्दपार केलेले सुमारे ५,००० पोलिश लोक १९४३ पासून तिथल्या छावणीत होते, बहुतेक बायका-मुलं. नवरा आघाडीवर, जिवंत आहे की नाही ठाऊक नाही. तरी शाळा भरायच्या, स्काउटची पथकं चालायची, नाटकं बसायची. आजीला मात्र आठवते ती मोडक्यातोडक्या मराठीत भाजीसाठी घासाघीस करणारी एक बाई. वाचलेल्या पैशांत ती दारापुढे लावायला झेंडूची रोपं न्यायची! तिला कुणी ‘सकारात्मक राहा’ म्हटलं असतं तर बहुधा हाकलूनच दिलं असतं.