एकाच वेळी शेकडो जखमी असतील, तर आधी कोणावर उपचार करायचे हे कसे ठरवतात?

मोठ्या दुर्घटनेत, उपलब्ध मनुष्यबळात जास्तीत जास्त जीव कसे वाचतील, हा निकष लावला जातो. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात तयार झालेल्या ‘स्टार्ट’ पद्धतीत प्रथम ‘ज्यांना चालता येते त्यांनी या बाजूला यावे’ असे पुकारतात. जे येतात त्यांना हिरवी चिठ्ठी मिळते, म्हणजे ते उपचारासाठी थांबू शकतात. उरलेल्यांपैकी ज्याचा श्वास मिनिटाला ३० पेक्षा अधिक वेळा चालतो, ज्याच्या मनगटावर नाडी लागत नाही किंवा ज्याला ‘हात दाबा’ एवढी सूचनाही पाळता येत नाही, त्याला लाल (सर्वांत आधी उपचार) आणि बाकीच्यांना पिवळी (लाल चिठ्ठीनंतर उपचार) चिठ्ठी लावतात. श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास सुरू झाला नाही, तर काळी चिठ्ठी लावून पुढच्या जखमीकडे वळावे लागते. माझ्या मते सरावाची खरी गरज इथेच असते.

मात्र लोक या वर्गवारीसाठी थांबत नाहीत. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले, तेव्हा असंख्य जखमींना सहप्रवाशांनी आणि आसपासच्या रहिवाशांनीच मिळेल त्या वाहनाने रुग्णालयात नेले. त्यामुळे रुग्णालयाच्या दारातही वर्गवारी पुन्हा करावी लागते, आणि दर थोड्या वेळाने तपासावी लागते, कारण पिवळ्याचा लाल व्हायला फार वेळ लागत नाही.