वाड्यात सापडलेल्या फुलांच्या काचेच्या मीठदाण्या खरंच जुन्या आहेत का, कसं ओळखावं?

मेहकरकडच्या वाड्यातल्या फडताळात दुधी काचेच्या, गुलाबी फुलं रंगवलेल्या दोन दाण्या निघाल्या आणि भंगारवाला दोनशे रुपये देतो म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय. घाई काहून करता? आधी तपासा.

फुलांवरून काही ठरत नाही, तशी फुलं आजही रंगवतात. झाकणही फसवं. ओलसर मीठ धातू खातं, त्यामुळे जुन्या दाणीवर नंतरचं झाकण बसवलेलं पुष्कळदा दिसतं. खरी गोष्ट झाकणाखाली कळते. आट्यांवर खोबरेल तेलाचा थेंब सोडून रात्रभर ठेवा, पक्कड अजिबात लावू नका. झाकण निघालं की काचेच्या काठावरून हलकेच बोट फिरवा. काठ घासून सपाट केलेला, खरखरीत आणि धुरकट लागला, तर ती जुन्या रीतीनं साच्यात फुंकून केलेली असण्याची शक्यता मोठी. फुंकनळीपासून तोडल्यावर काठ घासावाच लागे. साच्याची शिवण, म्हणजे साच्याच्या जोडाची उठलेली रेघ, थेट काठापर्यंत चढली असेल आणि काठ गुळगुळीत असेल तर यंत्राचा, म्हणजे नंतरचा माल समजा.

नवा कारागीरही काठ घासू शकतो. म्हणून बूडही उन्हात तिरपं धरा. टेबलावर वर्षानुवर्षं सरकलेल्या दाणीला बारीक, वेड्यावाकड्या रेघा पडतात, त्याही फक्त टेकणाऱ्या कडेवर. सगळीकडे एकसारखे ओरखडे म्हणजे कोणीतरी मुद्दाम घासलंय.

अक्षरं असतील तर सोपं. 'मेड इन चेकोस्लोव्हाकिया' म्हणजे 1918 नंतरची, 'ऑक्युपाइड जपान' (युद्धानंतर परक्या सैन्याच्या ताब्यातला जपान) म्हणजे 1945 ते 1952. झाकणावर 25 डिसेंबर 1877 दिसलं तर ती पेटंटची तारीख, बनवल्याची नव्हे. त्या अमेरिकन दाण्यांत मिठाचे खडे फोडायला आत दांडी असते. पिवळ्यातून गुलाबी होत जाणारी बर्मीज काच (पेटंट 1885) मात्र नोटा तपासायच्या टॉर्चखाली हिरवट चमकते, तिच्यात युरेनियम असतं.

इकडे या वस्तू आल्या कशा? माझा अंदाज कापसाचा. 1870 मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा आला, कापूस घेणाऱ्या विलायती कंपन्यांचे साहेब आले. ते परतताना बंगल्यातलं सामान इथेच विकलं गेलं असेल.

झाकण चिंचेनं घासू नका. चांदीचा मुलामा असेल तर तोही जाईल. बुडाचा आणि उघड्या तोंडाचा फोटो टाका, किमतीचं मग बोलू.