किवीच्या फुलात मध नाही, मग वास कशाला?

प्रश्न : मे महिन्यात हिमाचलमधल्या सोलनला फिरायला गेलो तेव्हा किवीची बाग बघितली. फुलं मस्त पांढरी, वासही छान, पण बागवाले काका म्हणाले ह्यात मध नसतो, म्हणून आम्हाला मधमाश्यांच्या पेट्या ठेवाव्या लागतात. मग फुलाला वास कशाला? आणि गच्चीत एक वेल लावला तर किवी लागतील का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : काका बरोबर बोलले. किवीच्या ना नर फुलात मध असतो ना मादी फुलात, माशीला मिळतात ते फक्त परागकण, आणि ते इथे आहेत हे तिला लांबून कळावं म्हणून वास. बाजारात मिळते त्या हेवर्ड किवीच्या फुलात वासाची मुख्य द्रव्यं म्हणजे अल्फा-फार्नेसीन आणि जर्माक्रीन डी. द्राक्षाएवढी, सालासकट खातात ती आर्गुटा किवी असते ना, तिच्या फुलात लिनालूल आणि त्यापासून बनलेली द्रव्यं. फार्नेसीन आणि लिनालूल दोन्ही आपल्या मोगऱ्यात असतात, म्हणजे हा वास तुम्हाला अगदीच अनोळखी नाही.

आता खरी गंमत. मादी फुलातही भरपूर पराग दिसतात पण ते वांझ, माशीला खायला चालतात, फळ धरायला नाही. पण ते नसते तर माशी मादी फुलाकडे फिरकलीच नसती! घरी किवी आडवी कापून बघा, काळ्या बियांचं कडं दिसेल, त्यातली एकेक बी म्हणजे नर फुलाचा एकेक परागकण पोचला, आणि चांगल्या मोठ्या फळात अशा हजाराच्या वर बिया असतात. बिया कमी तर फळ बारकं.

नुसत्या वासावर मात्र भागत नाही, शेजारी मध असलेली फुलं असली की माशी सरळ तिकडे. म्हणून न्यूझीलंडमध्ये हेक्टरी साधारण ८ पेट्या ठेवतात, त्याही थोडी फुलं उमलल्यावरच, आधी ठेवल्या तर माश्या दुसरीकडे रुळतात. पेटीत साखरेचा पाकही देतात, मग त्या पराग जास्त गोळा करतात.

गच्चीचं म्हणाल तर नका लावू. एकटा वेल फळत नाही, नर-मादी दोन्ही लागतात, आणि हेवर्डला हिवाळ्यात कित्येक आठवडे कडाक्याची थंडी लागते, पुण्याच्या डिसेंबरमध्ये तिचं भागत नाही, कळ्याच नीट येणार नाहीत. त्यापेक्षा तुळशी लावा, मंजिऱ्या खुडू नका, माश्या येतील. आणि ह्या विषयाची खरंच आवड असेल तर गणेशखिंड रोडला केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची, तिथे मधमाशीपालनाच्या कोर्सची चौकशी नक्की करा.