हापूसवाल्यांनो, कॅलेंडर बघून फवारणी करणं आता सोडा

गेल्या काही सीझनपासून रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या बागायतदारांचे जे फोन येतात त्यातले निम्मे प्रश्न रोगाचे नसतातच, हवामानाचे असतात, आणि शेवट मात्र ठरलेला, साहेब मग मारू काय ते सांगा. जे प्रश्न सारखे येतात ते इथे एकत्र घेतो.

"डिसेंबर आला तरी कलमं पालवीतच, मोहोर कधी?"

हापूसला मोहोर यायला दोन गोष्टी लागतात, पाऊस गेल्यावर जमिनीला बसलेला ताण आणि रात्रीचा गारवा. पूर्वी ऑक्टोबरच्या उन्हात जमीन आपोआप सुकायची, आता पाऊस रेंगाळतो, 2021 ला तर डिसेंबर सुरू होताहोता धो धो पडला. मुळाशी ओल असली आणि रात्री उबदार असल्या की झाड मोहोराऐवजी पालवी काढतं आणि ती पालवी पिकून पक्की होईपर्यंत त्या काडीकडून अपेक्षा ठेवू नका. कातळावरची कलमं आधी मोहोरतात, खालच्या खोल मातीतली मागे राहतात, ते ह्यामुळेच. अशा वेळी पाणी नको, युरिया तर नकोच, फक्त कोवळी पालवी तुडतुडे आणि शेंडे पोखरणाऱ्या अळीपासून सांभाळा.

आणि हो, डिसेंबरात कल्टार (पालवी रोखून मोहोर आणणारं पॅक्लोब्युट्राझोल, ते मुळाशी घालतात) घालून काहीही होत नाही. त्याची वेळ 15 जुलै ते 15 ऑगस्ट, तेही 10 वर्षांवरच्या निरोगी कलमालाच, विस्ताराच्या व्यासाच्या दर मीटरला 3 मिली. मोहोर लांबला म्हणून पुढच्या वर्षी डबल डोस घालणारे खूप भेटतात, मग काड्या आखूड होतात, मोहोर गच्च गुच्छासारखा येतो आणि त्यात भुरी (पांढऱ्या पावडरीसारखा बुरशीचा रोग) शिरली की निघत नाही.

"कणी चांगली धरली होती, सगळी गळाली, करपा आहे का?"

कणी म्हणजे नुकतंच धरलेलं बारीक फळ, आणि ती गळाली तर बहुतेक वेळा करपा, म्हणजे काळे डाग पाडणारा बुरशीचा रोग, नसतो. डहाळी खाली वाकवून नीट बघा. शेंड्याला जुना मोहोर, त्यावर वाटाण्याएवढी पिवळी पडत चाललेली कणी, आणि त्याच्या बुडाशी पानांच्या बेचक्यातून नवा कोवळा मोहोर बाहेर पडतोय असं दिसलं तर तो पुनर्मोहोर. फळधारणा झाल्यावर परत थंडी पडली किंवा थंडी लांबली की झाड दुसऱ्यांदा मोहोरतं, अन्नरस नव्या मोहोराकडे वळतो आणि आधीची फळं उपाशी राहून गळतात. म्हणजे थंडी नाही पडली तरी वांधे आणि जास्त टिकली तरी वांधे, त्यात जानेवारीत चार दिवस गरम, चार दिवस गार असं चाललं की एकाच झाडावर मोहोर, कणी आणि सुपारीएवढी फळं सगळंच दिसतं, अशा बागेत एका फवारणीत काम होणार कसं?

ह्यावर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस आहे जिब्रेलिक अॅसिड ह्या संजीवकाची, 50 पीपीएम, म्हणजे 20 लिटर पाण्यात 1 ग्रॅम. पहिली फवारणी मोहोर पूर्ण फुलल्यावर, दुसरी फळं वाटाण्याएवढी झाल्यावर. पावडर थेट पाण्यात विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाण्यात टाका, नाहीतर पैसे पंपाच्या तळाशी बसतात. नवा मोहोर हातभर वाढल्यावर ही फवारणी करणारे बरेच आहेत, तेव्हा उशीर झालेला असतो.

"मार्चच्या उन्हात फळं भाजतायत, वर साकाही वाढलाय."

किनारपट्टीवर 37 अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त झालं की हवामान खातं उष्णतेची लाट धरतं, पण कातळावरच्या बागेत त्याआधीच गळ सुरू होते. पाण्याची सोय असेल तर फळं वाटाण्याएवढी झाल्यापासून 15 दिवसांच्या अंतराने 3-4 वेळा कलमाला 150 ते 200 लिटर पाणी द्या, काढणीआधी महिनाभर बंद करा. सोबत पोटॅशियम नायट्रेटची 1 टक्का फवारणी, वाटाणा, गोटी आणि अंड्याच्या अवस्थेला. तिथेही तारीख नाही, फळाचा आकार बघायचा.

साका म्हणजे फळाच्या आत पांढरट, स्पंजासारखा झालेला गर, त्यामागे जमिनीतून वर येणारी धग हे मोठं कारण आहे, म्हणून बुंध्याभोवतीचं गवत जाळू नका, कापून तिथेच पसरा. गोटी ते अंड्याएवढ्या फळांना 25 बाय 20 सेंमीची कागदी पिशवी बांधली तर भाजणं, साका आणि फळमाशी तिन्ही कमी होतात. मजुरी लागते हे मान्य, सगळ्या बागेला नाही जमणार, पण पेटीचा चांगला माल ज्या कलमांवर निघतो तिथे तरी करा.

"फुलकिडे कशानेच मरत नाहीत."

मोहोराचा रस शोषणारे हे बारीक किडे तेच औषध परत परत मारल्यावर कसे मरतील? औषधाचा गट बदला, मोहोर पांढऱ्या कागदावर झटकून आधी किडे आहेत का ते बघा, आणि भर फुलोऱ्यात शक्यतो मारूच नका, परागीभवन करणाऱ्या माशा-मधमाशा तेव्हाच मोहोरावर असतात.

"हापूस तोडून दुसरं लावू का?"

तोडू नका. पण नवीन लागवडीत शंभरातली दहा कलमं केसर, रत्ना अशी लावा, हापूसला परपरागीभवन लागतं. रत्नात साका नसतो हा बोनस.

"मेमध्येच पाऊस आला तर?"

2025 ला मान्सून 26 मेपर्यंत मुंबईत पोचला होता आणि उशिराच्या मोहोराचा माल झाडावर अडकला. असा अंदाज दिसला की 14 आणे (सोळातले चौदा, म्हणजे जवळपास पूर्ण) तयार फळं उतरवून घ्या, फळमाशी पकडणारे 'रक्षक' सापळे त्याच्या बरेच आधी टांगलेले हवेत. आणि हवामान आधारित विम्याचे पैसे तुमच्या बागेत पाऊस किती पडला ह्यावर ठरत नाहीत, महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यावर ठरतात, तेव्हा आपलं केंद्र कुठलं आणि कुठल्या आकड्याला भरपाई सुरू होते हे हप्ता भरतानाच विचारून लिहून ठेवा.