तोच दिवा हिरवा, तोच लाल?

प्रश्न : रात्री विमान उतरताना खाली पांढरे, निळे, हिरवे दिवे दिसतात. त्या झगमगाटात वैमानिक धावपट्टी ओळखतो कशी? आणि उतरताना जिथे हिरवी ओळ होती, तिथेच पुढच्या वेळी उड्डाण करताना लाल दिवे दिसले. हा भास का?

उत्तर : भास नव्हे. विमानतळावरच्या दिव्यांची देखभाल ही माझी नोकरी होती, त्यामुळे ते मी आतून पाहिलेत. धावपट्टीच्या टोकाच्या दिव्याची काच बऱ्याच ठिकाणी दुरंगी असते. उतरायला येणाऱ्याला हिरवी बाजू दिसते : धावपट्टी इथून सुरू. आतून धावत येणाऱ्याला लाल : इथे संपली. काच उलटी बसली तर अनर्थच, म्हणून दिवा बदलला की दोन्ही बाजूंनी चालत जाऊन पाहायचं, हा आमचा नेम.

कडेचे दिवे पांढरे, लांब धावपट्टीवर शेवटच्या 600 मीटरांत पिवळे. मोठ्या धावपट्ट्यांच्या मध्यरेषेतही दिवे असतात. शेवटचे 900 मीटर उरले की ते आलटून पालटून लाल-पांढरे होतात आणि शेवटच्या 300 मीटरांत नुसते लाल. धुक्यात किती जागा उरली ते यावरूनच कळतं. हे दिवे जमिनीत बसवलेले, चाकं त्यांच्यावरून जातात. टायरचं रबर काचेवर चढून उजेड पार मरतो. ते खरवडणं हे आमचं सर्वांत कंटाळवाणं काम.

निळे दिवे टॅक्सीवेच्या, म्हणजे विमानं धावपट्टीपर्यंत ये-जा करतात त्या रस्त्याच्या, कडेचे; त्याची मध्यरेषा हिरवी.

वैमानिक नुसत्या रंगावर विसंबत नाही. धावपट्टीच्या बाजूला, सहसा डावीकडे, पापी (PAPI) नावाचे चार दिवे असतात. दोन लाल, दोन पांढरे दिसले तर विमान खाली येण्याचा कोन बरोबर. चारही लाल म्हणजे विमान फारच खाली. टॅक्सीवेला पापी नसतो.

तरी फसगत होते. जुलै 2017 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला एअर कॅनडाचं विमान रात्री धावपट्टी सोडून शेजारच्या टॅक्सीवेकडे उतरू लागलं. तिथे चार विमानं रांगेत उभी होती. जमिनीपासून जेमतेम 60 फुटांवर आल्यावर ते पुन्हा वर चढलं. जोडीची समांतर धावपट्टी त्या रात्री बंद होती, तिचे दिवे मालवलेले. वैमानिकांना दोन पट्ट्या अपेक्षित होत्या, म्हणून एक धावपट्टी आणि एक टॅक्सीवे मिळून त्यांची जोडी पुरी झाली. खरं तर रेडिओ लहरींनी धावपट्टीची दिशा दाखवणारी आयएलएस यंत्रणा हाताशी होती, पण तिची फ्रीक्वेन्सी त्यांनी लावलेलीच नव्हती.